पूर्वी झालेले आजार

अकराव्या प्रश्नापर्यंत श्रावण तायडेची सकाळ अगदी सरळ चालली होती. राजापेठेतल्या दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात, दारातून आत आलेल्या डिसेंबरच्या उन्हात तो पाटावर बसला होता. मांडीवर लाकडी फळी, फळीवर जर्मनीहून टपालाने आलेला फॉर्म. समोर पंचफुला सुपात तुरीच्या ओल्या शेंगा सोलत होती. एकेक प्रश्न तो आधी मनात जर्मनमध्ये वाचायचा आणि मग मोठ्याने, मुद्दाम, अस्सल वऱ्हाडीत करून सांगायचा. तुमची बायको दारू पिते काय? पीत असंन तं किती? पंचफुला पदर तोंडावर धरून हसायची. अशी चौकशी तर सोयरिकीच्या वेळी कोणी केली नव्हती, असं ती म्हणाली. श्रावणलाही मजा येत होती. चार वर्षांनी घरी आलेला माणूस बायकोला हसवायला मिळालं की कशानेही खूश होतो, तसा तो खूश होता. मग अकरावा प्रश्न आला. पत्नीला पूर्वी झालेले आजार : छाती, हृदय, मूत्रपिंड, मज्जातंतू. त्याने तो वाचला, आणि स्वतःच्या रकान्यात सगळीकडे 'नाही' लिहिलं होतं तसंच इथेही लिहायला पेन टेकवलं. तेवढ्यात शेंगेतला दाणा अंगठ्याने सुपात पाडत, मान वर न करता पंचफुला म्हणाली, "टीबी लिवा ना. तुमाले तं ठाऊकच हाये."

श्रावण म्हणाला, "हो."

हा 'हो' त्याच्या तोंडून कसा निघाला, हे त्याला पुढे कितीतरी दिवस उमगलं नाही. त्याला काहीही ठाऊक नव्हतं. पण तिच्या आवाजात असा एक निवांतपणा होता, आपल्याच घरातल्या अंधाऱ्या खोलीत भिंतीला हात न लावता चालणाऱ्या माणसाचा असतो तसा, की त्या आवाजाला धक्का देणं त्याच्याने झालं नाही. पेन कागदावर टेकलेलंच राहिलं आणि शाईचा एक ठिपका मोठा होत गेला. त्याने पेन उचललं, हे उद्या भरू, डॉक्टरचा दाखला लागेल, असं काहीतरी बोलला आणि अंगणात जाऊन उभा राहिला. रस्त्यावरून संत्र्यांची गाडी चालली होती. गाडीवान बैलांशी बोलत होता. श्रावणला ते सगळं फार लांबून ऐकू येत होतं. त्याला राग आला आहे असं त्याला वाटलं, म्हणून त्याने आत राग शोधून पाहिला. तिथे राग नव्हता, एक ओशाळलेपण होतं. पण कशाचं, हे काही कळेना.

फॉर्मची गोष्ट अशी होती. श्टुटगार्टजवळच्या एका गावातल्या यंत्रांच्या कारखान्यात श्रावण नकाशे काढायचा. गेल्या उन्हाळ्यात त्याला बढती मिळाली आणि पगार एका ठरावीक रेषेच्या वर गेला. त्या रेषेच्या खाली असलेल्या प्रत्येकाला तिथे सगळ्या कामगारांच्या सामायिक विम्यात राहावंच लागे. आजारी पडलं की तो विमा दवाखान्याचं बघे. त्याला तिकडे सरकारी म्हणत नसत, पण श्रावण मनात त्याला सरकारीच म्हणे. रेषेच्या वर गेलेल्याला मात्र मुभा होती : वाटलं तर त्यातच राहा, नाहीतर बाहेर पडून खाजगी कंपनीचा विमा घ्या. आता तो पंचफुलाला न्यायला आला होता, तेव्हा दोघांचं काय ते ठरवून कळवा, असं ऑफिसने पत्रातून विचारलं होतं आणि दोन्ही फॉर्म सोबत जोडले होते. सामायिक विम्याचा एका पानाचा, कंपनीचा सहा पानांचा. शेजारच्या टेबलावरच्या वयस्क सहकाऱ्याने निघताना त्याला सांगितलं होतं, कंपनीचाच घ्या. दोन खाटांची खोली मिळते, मोठा डॉक्टर स्वतः येतो, रांगेत बसावं लागत नाही. एवढंच, की एकदा बाहेर पडलात की परत आत येणं कठीण, तेवढं लक्षात ठेवा. श्रावणने ते लक्षात ठेवलं नव्हतं. त्याच्या मनात एक खुर्ची होती.

ती खुर्ची तिवस्यातल्या एका डॉक्टरच्या ओसरीवर असायची. तेव्हा श्रावण सात-आठ वर्षांचा असेल. त्याच्या बापाला, पंजाबरावला, हिवताप यायचा. सरकारी दवाखान्यात लिंबाखाली अर्धा दिवस बसायचं, मग घरून नेलेल्या बाटलीत औषध घ्यायचं, बाटलीवर डोसांच्या कागदी खुणा चिकटवलेल्या असायच्या. हे त्याला पाठ होतं. त्या दवाखान्यात कोणी वाईट वागलं असं त्याला आठवत नाही. फक्त बसणं आठवतं, लिंबोळ्या आठवतात, आणि आपण खूप जणांपैकी एक आहोत हे आठवतं. त्याच रस्त्यावर खाजगी डॉक्टरची ओसरी होती, वेताची खुर्ची होती आणि त्या खुर्चीवर बसून लोक नाडी दाखवायचे. एकदा बाप फारच तापला तेव्हा आई त्याला तिथे घेऊन गेली. डॉक्टरने त्यांना पायरीखाली उभं ठेवून पाहिलं आणि पुडी ओट्याच्या कडेला ठेवली. पुडी उचलताना आईने पदर डोक्यावरून पुढे ओढला होता, एवढंच. पुढे डिप्लोमा झाला, धम्मदीक्षा झाली, नोकरी झाली, साहेबाच्या देशासारख्या एका देशात तो गेला. पण खाजगी म्हटलं की अजून श्रावणला ती खुर्चीच दिसायची. आपली बायको त्या खुर्चीवर पाठ टेकून बसली आहे आणि मोठा डॉक्टर स्वतः तिच्यापर्यंत चालत येतो आहे, हे चित्र त्याने जर्मनीतल्या खोलीत किती वेळा रंगवलं होतं. आणि आता ती खुर्ची देणारीच माणसं आधी विचारत होती : हिला पूर्वी काय झालं होतं?

दुपारी पंचफुला नळावर गेली तेव्हा त्याने आईला विचारलं. केशरबाई वाकळ शिवत बसल्या होत्या. त्यांनी सुईत दोरा ओवला, गाठ मारली आणि मग सांगितलं. सोयरीक ठरताना पंचफुलाच्या आईने, मनकर्णाबाईने, त्यांना एकटीला बाजूला घेऊन सगळं सांगितलं होतं. पोरगी चौदा वर्षांची असताना अकोल्याच्या सरकारी दवाखान्यात वर्षभर होती, आता ठणठणीत आहे, पण लपवून लग्न करायचं नाही. तुमच्या मुलाला विचारा आणि मगच हो म्हणा, असं ती बाई म्हणाली होती. केशरबाई घरी आल्या. श्रावणला काही न विचारता त्यांनी चौथ्या दिवशी निरोप धाडला, की पोराला सांगितलं आहे, तो हो म्हणतो.

"मले काहून नाई सांगतलं?" श्रावणने विचारलं.

"तुले सांगतलं असतं तं तू हो म्हनला असता काय?" केशरबाईंनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. त्या रागावलेल्या नव्हत्या, खरोखरच विचारत होत्या. "मी त्या पोरीले पाह्यलं. ते मायले पेपर वाचून दाखवत होती, अन् मायले समजत नाई तिथं थांबून समजावून सांगे. मले वाटलं, अशी पोरगी घरात पायजे. तू तवा नाई म्हनला असता, श्रावन. तुले तवा जगाची लय भीती होती."

त्याच्यापाशी उत्तर होतं, पण ते त्याच्या बाजूचं नव्हतं. सव्वीस वर्षांचा श्रावण नाहीच म्हणाला असता. सभ्यपणे, वेळ घेऊन, दुसरंच काही कारण काढून नाही म्हणाला असता. आणि चार वर्षं ही बाई, लग्नानंतर सातच महिने त्याच्याबरोबर राहिलेली, दर आठवड्याला निळ्या पातळ कागदावर त्याला पत्र लिहिणारी, मनात असं धरून होती की या माणसाला सगळं ठाऊक होतं, त्याने ते कधी तोंडावर आणलं नाही, कधी टोमणा मारला नाही, खोकला आला तरी दचकून पाहिलं नाही. तिच्या पत्रांतला जो एक शांत विश्वास त्याला परदेशात इतका पुरला होता, तो या न घडलेल्या गोष्टीवर उभा होता. आपल्या नावावर कोणीतरी आपल्यापेक्षा चांगला माणूस करून ठेवला आहे, आणि त्या माणसाच्या पुण्याईवर आपण चार वर्षं प्रेम खात आलो, असं त्याला वाटलं. सकाळचं ते ओशाळलेपण कशाचं होतं, ते आता त्याला थोडंथोडं कळायला लागलं.

दाखल्यासाठी अकोल्याला जायचं ठरलं. तिथेच तिचे जुने कागद होते, आणि कंपनीला छातीचा नवा फोटोही हवा होता. सकाळच्या पॅसेंजरने निघून बडनेऱ्याला गाडी बदलली. पंचफुलाला खिडकी मिळाली. कापसाचे दिवस होते. रुळांना समांतर जाणाऱ्या रस्त्यावर गाड्यांची रांग लागली होती आणि बाभळींच्या काट्यांना पांढरे पुंजके अडकले होते. ती माहेरी चालली होती म्हणून तिचा चेहरा मोकळा झाला होता. एखादं गाव आलं की ती तिथल्या कोणाकोणाची हकिकत सांगायची. श्रावण हो-हो करत होता आणि तिच्या श्वासाकडे लक्ष देत होता. तिची पाठ किती हलते, बोलताना ती कुठे थांबते. हे आपण करतो आहोत हे लक्षात येताच त्याला स्वतःची किळस आली आणि तो समोरच्या फळकुटावर कोरलेली नावं वाचू लागला.

मूर्तिजापूर गेल्यावर त्याच्या मनात ती दुसरी गोष्ट आली. ती सकाळपासून मनाच्या दारात उभी होती आणि तो तिच्याकडे पाहत नव्हता. त्या फॉर्मवर स्वतःच्या रकान्यात, मज्जातंतू या शब्दापुढे, त्यानेही 'नाही' लिहिलं होतं. सहज, रेघ मारावी तसं. आणि ते खोटं होतं. दोन वर्षांपूर्वीच्या जानेवारीत, कारखान्याच्या नकाशाघरात उभा असताना त्याचा हात थांबला होता. पट्टी लावलेली, पेन्सिल टोकदार, एक साधी सरळ रेघ ओढायची होती, आणि ती ओढवेना. किती वेळ तो तसा उभा होता कोण जाणे. मग पारदर्शक कागदावर पाण्याचे थेंब पडायला लागले आणि कागद फुगायला लागला, आणि ते पाणी आपल्या डोळ्यांतून पडतं आहे हे त्याला शेजारच्या माणसाच्या चेहऱ्यावरून कळलं. त्याआधी कित्येक आठवडे त्याला नीट झोप नव्हती. दुकानात पाव मागताना शब्द आठवत नसत. वऱ्हाडीत स्वतःशी बोलायचा तर तो आवाजही परका वाटे. ऑफिसच्या प्रमुखाने त्याला गाडीत घालून डॉक्टरकडे नेलं, आणि त्या सामायिक विम्याने, ज्याला तो सरकारी म्हणे, त्याला चार आठवडे डोंगरावरच्या एका आरोग्यधामात पाठवलं. देवदारासारख्या झाडांचं रान होतं, पांढऱ्या चादरी होत्या. खोलीत चौघे होते. शेजारच्या खाटेवर एक पाव भाजणारा म्हातारा होता. त्याचा मुलगा लढाईत गेला होता आणि त्याचे हात थरथरायचे. भारत कुठे आहे हे त्याला माहीत नव्हतं. त्याने श्रावणला रोज पाच नवे शब्द शिकवले. तिथे कोणी विचारलं नाही की तू रडतोस का, तुला काय कमी आहे. चार आठवड्यांनी तो परत आला आणि त्याने रेघ ओढली. घरी त्याने काहीच कळवलं नाही. बडनेरा स्टेशनवर निरोप द्यायला आख्खी वस्ती आली होती, गळ्यात हार मावत नव्हते. त्या माणसाला रडायला झालं, हे कोणत्या तोंडाने लिहायचं? आरोग्यधामातून त्याने पंचफुलाला पत्र लिहिलं ते एवढंच, की इकडे बर्फ पडतो आहे आणि पाहायला फार छान वाटतं.

मनकर्णाबाईचं घर अकोल्यातल्या कापसाच्या जिनिंगच्या मागच्या वस्तीत होतं. नवरा डोमाजी जिनात कापसातून सरकी काढायच्या रेच्यावर काम करायचा. तो जाऊन सहा वर्षं झाली होती. ती स्वतः अजून हंगामात सरकी निवडायला जायची. तिने जावयासाठी चहा केला, कप पुसून पुसून दिला, आणि ते कशासाठी आले ते लेकीकडून कळल्यावर समोर भुईवर बसली. मग जमिनीकडे पाहत तिने सांगितलं, की जवाई, मी तुमाले कधी तोंडावर म्हनलं नाई, पन सारं ठाऊक असून तुमी माही लेक पदरात घेतली, हे मी रोज आठवते. श्रावण चहाकडे पाहत राहिला. आता बोलावं, आत्ताच, दोघींच्या देखत, असं त्याला फार वाटलं. पंचफुला चुलीपाशी पाठमोरी उभी होती आणि तिच्या पाठीवरूनसुद्धा कळत होतं, की तिला हे ऐकून संकोच वाटतो आहे आणि बरंही वाटतं आहे. त्याने बशीत चहा ओतला आणि प्यायला.

दवाखान्यात टीबीचा वॉर्ड मागच्या अंगाला, लिंबाच्या झाडांमध्ये होता. बेबीताई नावाच्या सिस्टर अजून तिथेच होत्या. केस पिकले होते, चालणं जड झालं होतं. त्यांनी पंचफुलाला दोन पावलांवरून ओळखलं, हात धरला, तिला उजेडात फिरवून बघितलं आणि श्रावणला म्हणाल्या की वॉर्डातली सगळ्यात त्रासदायक मुलगी ही, औषधाच्या पुड्या उशीखाली लपवायची. फोटो निघेपर्यंत थांबायचं होतं. पंचफुला त्याला व्हरांड्यात घेऊन गेली. तिथे ओळीने खाटा होत्या; काही बायका उन्हात पाय सोडून बसल्या होत्या. तिने त्याला कोपऱ्यातली खाट दाखवली, जशी एखादी मुलगी आपली शाळा दाखवते. आणि ती शाळाच होती, हे श्रावणला तिथे कळलं. पंचफुला इथे आली तेव्हा तिला अक्षर येत नव्हतं. लहानपणापासून आईबरोबर सरकी निवडायला जायची, शाळेचं नाव नव्हतं. खाटेच्या पायथ्याला कागद टांगलेला असायचा, त्यावर रोज बेबीताई काही लिहायच्या. आपल्याबद्दल काय लिहितात हे तिला कळेना, म्हणून ती चिडायची. मग एक दिवस बेबीताईंनी तिला कागदाच्या माथ्यावरची पाच अक्षरं बोट ठेवून वाचायला शिकवलं : पं, च, फु, ला, आणि पुढे डो. डोमाजीचा 'डो' शिकल्यावर ती थांबलीच नाही. बाजूच्या खाटांवरच्या बायकांचे कागद वाचले, बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या वाचल्या, मग कोणाकोणाची आलेली पत्रं ती वाचून दाखवायची. त्या छप्पनच्या ऑक्टोबरात सगळी वस्ती नागपूरला दीक्षेला गेली, बापही गेला. आई मात्र तिच्यापाशी थांबली, आणि बाप परत आल्यावर वॉर्डाच्या खिडकीबाहेर उभा राहून त्याने दोघींना सगळं तपशिलाने सांगितलं. आतल्या आजारी बायका, कुठल्या कुठल्या जातीच्या, उठून बसून ऐकत होत्या. सुया फार दुखायच्या, ती म्हणाली. दोन बाया गेल्या, त्यांतली एक तिच्या बाजूची. पण तिला ती जागा वाईट म्हणून आठवत नाही.

"मले इथं कोनं इचारलं नाई, तू कोन, काहून आली," ती म्हणाली. "आली तं घेतलं. बस."

श्रावण त्या खाटेकडे पाहत होता. तिच्यावर आता दुसरीच कोणी म्हातारी भिंतीकडे तोंड करून निजली होती. त्याच्या मनातली लिंबाखालची गर्दी, तो खूप जणांपैकी एक असण्याचा जुना बोचरा भाव, आणि हिचं हे लिंबाखालचं घर, दोन्ही एकच होतं का? त्याने जन्मभर ज्यातून बाहेर पडायची धडपड केली, त्यात ती माणसात आली होती.

फोटो आला. तरुण डॉक्टरने तो खिडकीच्या उजेडात धरला आणि पेन्सिलने दाखवलं, की उजव्या बाजूला वर एक जुनी खूण आहे. भरून आलेली, सुकलेली. हिला काही धोका नाही, पोरंबाळं होऊ द्या, कुठेही जाऊ द्या. पण खूण जायची नाही, कधीही फोटो काढला तरी दिसेल. पंचफुलाने वाकून आपल्या छातीच्या आतलं ते पांढरं पाहिलं. तिला ते जिनाच्या जाळीला चिकटलेल्या कापसाच्या रुईसारखं दिसलं, आणि तसं ती म्हणाली. डॉक्टर हसला. श्रावणने दाखला घेतला. तो खरा दाखला होता, आणि तो जोडला तर कंपनी काय करेल हे त्याला माहीत होतं : एक तर पंचफुलाला घेणार नाही, नाहीतर छाती सोडून बाकीची पंचफुला घेईल. न जोडला, रकान्यात 'नाही' लिहिलं, तर आज कोणाला कळणार नाही. आणि पुढे ज्या दिवशी कळेल त्या दिवशी ती परक्या देशात, परक्या खाटेवर, खोटी ठरेल. तीही त्याच्या सहीने.

फाटकाजवळच्या बाकावर ते टांग्याची वाट पाहत बसले. दाखला त्याच्या खिशात होता. पंचफुलाने त्याच्याकडे न पाहताच विचारलं, "त्या एका पानाच्या फारमात काय काय इचारलं हाये?"

"नाव. जन्मतारीख. लग्न झालं त्याचा कागद."

"आनखी?"

"आनखी काई नाई."

मग तोच फॉर्म का भरत नाही, असं तिने विचारलं. श्रावणने तिला समजावून सांगायला सुरुवात केली : त्यात खोली चार-सहा जणींची असते, डॉक्टर कोणता मिळेल सांगता येत नाही, थांबावं लागतं; कंपनीच्या विम्यात मान आहे. बोलता बोलता त्याला स्वतःचा आवाज ऐकू आला आणि तो मधेच थांबला.

"खोलीत आनखी बाया असतीन तं बरंच हाये ना," पंचफुला म्हणाली. "मले कुठं त्यायची भाषा येते? एकटीले निजवलं तं मी कोनाचं ऐकून शिकू?"

श्रावणला हसू आलं. खूप दिवसांनी इतकं आतून हसू आलं, आणि त्याबरोबरच डोळे भरून आले म्हणून त्याने रस्त्याकडे तोंड फिरवलं. टांगा येत होता. त्याला तो पाव भाजणारा म्हातारा आठवला, त्याचे ते रोजचे पाच शब्द : चमचा, खिडकी, उद्या, असले. ठरवायचं असं काही उरलंच नव्हतं. सहा पानांचा तो फॉर्म पिशवीत होता, तो त्याने पुन्हा काढला नाही.

परतीच्या गाडीत गर्दी कमी होती. दोघांच्या मध्ये मनकर्णाबाईने दिलेली गाठोडी होती, तिळाची, वाळवणाची. ऊन तिरपं झालं होतं. गाडी काटेपूर्णा स्टेशनाच्या पुढे गेली आणि श्रावण बोलायला लागला. आधी त्याने खिडकीकडे पाहत सांगितलं, मग समोरच्या फळकुटाकडे पाहत. हात थांबला ते सांगितलं, कागद फुगला ते सांगितलं, डोंगर, चार खाटा, चार आठवडे. शब्द वऱ्हाडीत येत होते, आणि ज्या गोष्टी जर्मनमध्ये घडल्या होत्या त्या वऱ्हाडीत आल्यावर लहान आणि आपल्या वाटत होत्या. पंचफुलाने मधे एकदाही तोडलं नाही. तो थांबल्यावर तिने विचारलं, संगं कोन होतं? कोणी नाही, तो म्हणाला. ती महिन्यांचा हिशेब लावत राहिली. मग म्हणाली, जानेवारी म्हणजे ते बर्फाचं पत्र. त्याने मान हलवली. मला कळवलं का नाही, असं तिने विचारलं, आणि त्यात तक्रार नव्हती.

"कळवून तू काय केलं असतं?" श्रावण म्हणाला. "इतक्या लांबून?"

"काई नाई. मले ठाऊक असतं." मग शब्द शोधून ती म्हणाली, "मी इथं भाकर थापताना मले ठाऊक असतं. जसं माहं तुमाले ठाऊक होतं, तसं. त्यानं लय आधार होते मानसाले."

गाडी पुलावरून गेली. श्रावणने तोंड उघडलं. ते वाक्य त्याच्या जिभेवर तयार होतं, लहानसंच होतं : मले ठाऊक नव्हतं. एक खोटं त्याने आत्ताच उतरवलं होतं आणि हलकं वाटत होतं. दुसरंही उतरवलं की तो पुरता मोकळा झाला असता. तो मोकळा झाला असता. आणि तिचे चार वर्षांचे दिवस, ती निळी पत्रं, जावयाचा कप पुसून पुसून देणारी ती म्हातारी, हे सगळं कोणत्या आधारावर उभं राहिलं असतं? त्याने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. उन्हात तिच्या भुवईवरचा बारीक केस न् केस दिसत होता. तिथे इतका भरवसा होता की त्याने तोंड मिटलं.

पंचफुलाने मधली गाठोडी उचलून आपल्या पलीकडे ठेवली आणि ती त्याच्या बाजूला सरकून बसली. डब्यात समोर दोन शेतकरी बसलेले होते. एरवी तिने असं केलं नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी श्रावणने एका पानाचा फॉर्म भरला, खाली सही केली, आणि तो स्वतः जाऊन टपालात टाकून आला. फेब्रुवारीत ती दोघं निघाली. आपल्याला आधी काही ठाऊक नव्हतं, ही गोष्ट त्याने पंचफुलाला पुढेही सांगितली नाही, केशरबाईंनीही नाही. पण ती कधी खोकली, कधी जिना चढताना थांबली, कधी परक्या शब्दाशी अडखळून गप्प झाली, की तो हातातलं काम ठेवून तिच्यापाशी जाऊन बसायचा, आणि काय झालं ते विचारायचा नाही. तिला वाटे, हा पहिल्यापासून असाच आहे.